पहिला कोण ते ठरलं, दुसरा कोण?



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक मुष्टियुद्धावर बोलणार म्हटल्यावर आयोजकांनी आम्हाला दोनदा फोन केला. 'सर, विषय नीट लिहून घेतला ना आम्ही?' नीटच लिहून घेतलात. आज आम्ही हेवीवेट मुष्टियोद्ध्यांच्या क्रमवारीवर बोलणार आहोत, आणि तेही एका साध्याशा प्रश्नावर.

प्रश्न आमचा नाही, आमच्या पुतण्याचा आहे. तो रात्र रात्र जागून या लढती बघतो, आणि गेली काही वर्षं आम्हीही त्याच्या शेजारी बसून बघतो. १९ जुलै २०२५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने डॅनियल दुब्वाला पाचव्या फेरीत आडवं केलं, आणि हेवीवेटचे चारही प्रमुख पट्टे पुन्हा एकाच माणसाकडे आले. पुतण्या म्हणाला, 'काका, पहिला कोण यावर आता वादच नाही. पण दुसरा कोण? तुम्ही आयुष्यभर न्यायशास्त्र शिकवलंत. सांगा की!'

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आज जे बोलणार आहोत, ते त्या मिटलेल्या तोंडाचं स्पष्टीकरण समजा. २०२५ अखेरपर्यंतचे निकाल आम्ही धरले आहेत. त्यानंतर कुणी कुणाला पाडलं तर तपशील बदलेल, मूळ प्रश्न मात्र बदलणार नाही.

आधी पहिल्या क्रमांकाचं बघू, कारण तिथे काम सोपं आहे. उसिकने व्यावसायिक २४ लढती खेळल्या आणि २४ जिंकल्या. पण नुसता हा आकडा फसवा असू शकतो. किरकोळ प्रतिस्पर्धी निवडून असा आकडा कुणालाही फुगवता येतो. महत्त्वाचं हे की अँथनी जोशुआला त्याने दोनदा हरवलं, टायसन फ्युरीला दोनदा, दुब्वाला दोनदा. मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरीशी पहिली लढत झाली तेव्हा तीन पंचांपैकी एकाने फ्युरीला एका गुणाने पुढे ठेवलं होतं. तेव्हा 'निसटता निकाल' म्हणायला जागा होती. डिसेंबरमध्ये पुन्हा गाठ पडली आणि तिन्ही पंचांनी ११६-११२ असा उसिकच्या बाजूने कौल दिला. जागा संपली. प्रतिस्पर्धी तगडे, निकाल समोरासमोरचे, आणि शंका उरली तिथे फेरलढत देऊन शंका मिटवलेली. पुरावा असा असावा.

आता दुसऱ्या क्रमांकाकडे वळलात की हे सगळं हातातून निसटतं. आणि मग वाद सुरू होतो.

आपल्या नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद. आपणच जिंकावं म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं, ती वितंडा. मुष्टियुद्धाच्या क्रमवारीवरची बहुतेक चर्चा जल्पाने सुरू होते आणि वितंडेत संपते. 'तुझा माणूस अमक्याकडून पडला', 'मग तुझा तमक्याकडून पडला नव्हता का?' बस्स, रात्रभर हेच. आमचं म्हणणं असं, की हे लोक हट्टी आहेत म्हणून असं होत नाही. ते एकाच वाक्यात तीन वेगळे प्रश्न विचारत असतात म्हणून होतं.

ते तीन प्रश्न आता सुटे करू.

पहिला: आज या दोघांना रिंगणात उभं केलं तर कोण जिंकेल? हा अंदाज आहे. दुसरा: आजवर कुणी काय कमावलं? हा हिशेब आहे. तिसरा: विजेत्याशी लढायची पुढची पाळी कुणाची? हा हक्क आहे. अंदाज, हिशेब आणि हक्क. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, आणि छापील यादीत मात्र तिन्हींसाठी रकाना एकच असतो.

एक उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये इंग्लंडच्या इप्सविच गावात फॅबिओ वॉर्डली आपल्या घरच्या लोकांसमोर ऑस्ट्रेलियाच्या जस्टिस हुनीशी लढला. नऊ फेऱ्या हुनीने त्याला अक्षरशः शिकवणी दिली. गुणांवर वॉर्डली पार मागे होता. दहाव्या फेरीत त्याचा एक उजवा ठोसा बसला आणि लढत संपली. आता सांगा, चांगला कोण? अंदाज बांधणारा म्हणेल, पुन्हा लढले तर हुनीला संधी आहे. हिशेब लिहिणारा म्हणेल, विजय वॉर्डलीचा, खात्यावर जमा. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉर्डलीने जोसेफ पार्करलाही अकराव्या फेरीत थांबवलं. म्हणजे 'एक नशिबाचा ठोसा' हे स्पष्टीकरणही मग पुरेना.

हक्काच्या रकान्यात अंदाज घुसला की काय होतं तेही बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रान्सिस एन्गानू हा मिश्र युद्धकलेतला मल्ल आयुष्यातली पहिली व्यावसायिक मुष्टियुद्धाची लढत फ्युरीशी खेळला. त्याने फ्युरीला एकदा जमिनीवर बसवलं, पण निकाल फ्युरीच्या बाजूने गेला. एक लढत, एक पराभव, विजय शून्य. आणि वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने, म्हणजे डब्ल्यूबीसीने, त्याला आपल्या क्रमवारीत दहावं स्थान दिलं! जी पोरं पंधरा-वीस लढती जिंकून त्या जागेची वाट बघत होती, त्यांना काय वाटलं असेल? एन्गानूचा दोष नाही, तो मर्दासारखा लढला. दोष यादी करणाऱ्यांचा. 'हा माणूस धोकादायक दिसतो' हा अंदाज त्यांनी हक्क म्हणून लिहून टाकला.

आता त्या प्रश्नाच्या खऱ्या गाभ्याकडे येऊ. सामान्य माणसाला वाटतं, क्रमवारी लावणं म्हणजे उंचीप्रमाणे मुलं उभी करणं. अ हा ब-पेक्षा उंच, ब हा क-पेक्षा उंच, म्हणजे अ हा क-पेक्षा उंच असणारच. उंचीच्या बाबतीत हे खरं. जिंकण्याच्या बाबतीत खरं नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये मँचेस्टरला जो जॉयसने पार्करला अकराव्या फेरीत बाद केलं. एप्रिल २०२३ मध्ये चीनच्या झांग झिलेईने जॉयसचा डोळा असा सुजवला की सहाव्या फेरीत लढत थांबवावी लागली. सप्टेंबरमध्ये पुन्हा गाठ पडली तेव्हा तिसऱ्याच फेरीत आटोपलं. आणि मार्च २०२४ मध्ये रियाधला पार्करने, स्वतः दोनदा खाली पडूनही, झांगला गुणांवर हरवलं. जॉयस पार्करच्या वर, पार्कर झांगच्या वर, झांग जॉयसच्या वर. अठरा महिन्यांत एक पूर्ण वर्तुळ! आता या तिघांना एकाखाली एक उभं करून दाखवा. कसेही उभे करा, एक प्रत्यक्ष निकाल तुम्हाला पायाखाली घ्यावाच लागेल.

कोंदोर्से नावाच्या फ्रेंच विचारवंताने १७८५ साली मतदानाच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं: प्रत्येक मतदाराचा क्रम सुसंगत असला तरी बहुमताचं वर्तुळ होऊ शकतं. मुष्टियुद्धात कारण वेगळं आहे, पण आकृती तीच. शैली शैलीला छेद देते. कुणाला पुढे चालून येणारा प्रतिस्पर्धी मानवतो, कुणाला डावखुरा मुळीच मानवत नाही.

जुन्या लोकांना हे नवीन नाही. १९७३ च्या जानेवारीत जॉर्ज फोरमनने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत गुंडाळलं. फ्रेझरने १९७१ साली अलीला हरवलेलं होतं. १९७३ च्या मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं, आणि पुढच्या वर्षी फोरमनने नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत झोपवलं. अलीला हरवणाऱ्या दोघांना फोरमनने चार फेऱ्यांत संपवलं, म्हणजे तो अलीचं काय करील हे सांगायला तर्कशास्त्राची पदवी नको होती. आणि ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासामध्ये अलीने फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. आम्ही त्या वेळी तरुण होतो. अनुमान निर्दोष दिसत असून निष्कर्ष खोटा निघतो, याचं एवढं ठसठशीत उदाहरण आम्हाला पुढे कुठल्या ग्रंथातही मिळालं नाही.

म्हणून 'सामाईक प्रतिस्पर्धी' हा जो लाडका युक्तिवाद असतो, त्याच्यापासून सावध राहा. एन्गानूने फ्युरीला घाम फोडला. जोशुआने मार्च २०२४ मध्ये एन्गानूला दुसऱ्या फेरीत बाद केलं. म्हणून जोशुआ फ्युरीपेक्षा श्रेष्ठ. हा हेतू नव्हे, हेत्वाभास आहे, आणि नैयायिक त्याला सव्यभिचार म्हणतील: कारण दिसतं, पण ते कार्याशी एकनिष्ठ नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेम्बलीवर दुब्वाने त्याच जोशुआला पाचव्या फेरीत बाद केलं.

बरं, मग संगणकाला विचारू या, असं कुणी म्हणेल. बुद्धिबळात चालतं ना? चालतं. आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवलेली गुणांकनाची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली आणि ती उत्तम चालते. पण बुद्धिबळपटू वर्षाला कितीतरी डाव खेळतो, नाना प्रकारच्या खेळाडूंशी खेळतो. आजचा हेवीवेट वर्षाला दोन लढती खेळला तरी पुष्कळ. शिवाय कुणाशी खेळायचं हे बरंचसं त्याचे व्यवस्थापक ठरवतात. एवढ्याशा आणि तेही निवडून घेतलेल्या माहितीवर दशांश चिन्हापर्यंत गुण काढणं म्हणजे वजनकाट्याने धुकं मोजणं.

मग माणसांनी ठरवावं. पण कोणत्या? इथे टीका थोडी कडवट होणार, इलाज नाही.

पट्टे देणाऱ्या प्रमुख संघटना चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. चौघींची क्रमवारी वेगळी, आणि विजेतेपदाच्या लढतीतून प्रत्येकीला शुल्क मिळतं. डब्ल्यूबीओच्या सुपर मिडलवेट गटात डॅरिन मॉरिस नावाचा मुष्टियोद्धा २००० साली मरण पावला. त्यानंतरच्या यादीत तो दोन जागा वर चढला! लोक हसतात. आम्हाला हसू येत नाही. यादी करणाऱ्याने माणसाकडे पाहिलंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. आयबीएफचे संस्थापक-अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचा खटला अमेरिकेत चालला. मोठे आरोप सिद्ध झाले नाहीत, पण बेहिशेबी पैशाच्या आणि करचुकवेगिरीच्या गुन्ह्यांत त्यांना शिक्षा झाली.

स्वतंत्र म्हणून ज्याकडे बघावं ते 'द रिंग' मासिक. त्याची सुरुवातीची क्रमवारी १९२५ साली केली ती टेक्स रिकार्ड यांनी, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या लढत-आयोजकाने! १९७७ साली त्याच मासिकाच्या नोंदींत मुष्टियोद्ध्यांच्या नावावर न झालेल्या लढती चढवल्याचं उघड झालं आणि दूरचित्रवाणीवरची एक अख्खी स्पर्धा बंद पडली. आणि २०२४ च्या अखेरीस हे मासिक विकत घेतलं ते सौदी अरेबियाच्या तुर्की अलालशिख यांनी. आज हेवीवेटच्या बहुतेक मोठ्या लढती तेच जुळवून आणतात. त्यांनी एकही क्रमांक फिरवला, असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की जो जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावतो, त्याच्याच हातात निकालवही असू नये. हे कळायला प्राध्यापक व्हावं लागत नाही. गावातल्या कुठल्याही वस्तादाला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव का टाकावा? क्रमांक दुसरा काय, पाचवा काय.

मित्रहो, या खेळात क्रमांक म्हणजे पाळी, आणि पाळी म्हणजे आयुष्य. हॅरी विल्स हा काळा मुष्टियोद्धा १९२० च्या दशकात वर्षानुवर्षं जॅक डेम्प्सीचा सर्वांत मोठा दावेदार मानला जात होता. करारही झाला होता. लढत कधी झालीच नाही. मुष्टियोद्ध्याची ऐन उमेदीची वर्षं पाच-सात. डोक्यावर बसलेला प्रत्येक ठोसा त्यातून काहीतरी कापून नेतो. ज्याची पाळी दोन वर्षांनी लांबते, त्याला दोन वर्षांनी पाळी मिळते असं नाही. ती मिळते तेव्हा तो पहिल्यासारखा राहिलेलाच नसतो.

पार्करचंच पाहा. डब्ल्यूबीओचा अधिकृत दावेदार म्हणून उसिकशी त्याची लढत ठरायची होती. उसिकने दुखापतीसाठी वेळ मागितला. पार्करला गप्प बसून जागा राखता आली असती. तो वॉर्डलीशी लढला आणि हरला. पुढे उसिकने डब्ल्यूबीओचा पट्टा सोडला आणि तो विजेतेपदाच्या लढतीविना, कागदावरच वॉर्डलीकडे गेला. पार्करने हीच सवय ठेवली होती: फेब्रुवारी २०२५ मध्ये दुब्वा आजारी पडून बाहेर गेला, तेव्हा ऐनवेळी आलेल्या मार्टिन बाकोलेलाही तो सामोरा गेला आणि दुसऱ्या फेरीत जिंकला. अशा माणसाला एका पराभवासाठी यादीच्या तळाशी ढकलायचं, आणि वर्षभर घरी बसलेल्याला 'अपराजित' म्हणून वर ठेवायचं? अशी यादी माणसाला एकच धडा देते: लढू नकोस.

तर आता आमची बाजू. वितंडा नको म्हटलं, तेव्हा काहीतरी ठेवायला हवं.

एक: यादीच्या माथ्यावर लिहा, ही कोणत्या प्रश्नाची यादी आहे. अंदाज, हिशेब की हक्क. दोन: दोघांमधला प्रत्यक्ष निकाल अनुमानापेक्षा वरचा, तो नंतरच्या निकालांनीच झाकला जावा, कुणाच्या प्रसिद्धीने नव्हे. तीन: पराभव मोजताना तो कुणाकडून आणि कसा झाला, हेही मोजा. फ्युरी दोनदा हरला, पण दोन्ही वेळा उसिककडून आणि बाराही फेऱ्या पूर्ण लढून. असे पराभव कितीतरी विजयांपेक्षा जड आहेत. चार: न लढण्याची किंमत असू द्या. आणि विजय मोजताना समोर कोण होतं ते पाहा. जोशुआने डिसेंबर २०२५ मध्ये जेक पॉलला बाद केलं, त्यातून पैसा मिळाला, पुरावा मिळाला नाही. पाच, आणि हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: जिथे पुरावा दोघांना वेगळं करत नाही, तिथे तुम्हीही करू नका. समान श्रेणी द्या. जॉयस, पार्कर, झांग यांचं २०२४ च्या मार्चमधलं वर्तुळ म्हणजे तीन क्रमांक नव्हेत. ती एक श्रेणी आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. श्रेण्या ठीक, पण पाळी एकालाच देता येते. मग नाव एकच हवं. मान्य. त्यासाठी श्रेणीतल्या दोघांना आपसांत लढवा. रिंगण त्यासाठीच आहे. जे खोलीत बसून ठरवता येत नाही ते खोलीत बसून ठरवल्याचं नाटक करू नका.

आता पुतण्याला उत्तर. अंदाजाने विचारशील तर दुसरा फ्युरी, तो खरंच परत आला आणि अंगात तेवढंच उरलं असेल तर. हिशेबाने विचारशील तर उसिकच्या खाली एक श्रेणी: फ्युरी, अगित काबायेल, वॉर्डली. त्याखाली दुब्वा, पार्कर, जोशुआ. त्यात दुब्वा जोशुआच्या वर, कारण त्याने त्याला समोरासमोर पाडलं आहे. आणि हक्काने विचारशील तर काबायेल. जर्मनीचा हा मुष्टियोद्धा मखमुदोव, सांचेझ आणि झांग या तिघांना एकामागून एक थांबवून आला, बहुतेक काम पोटावरच्या ठोशांनी. झांगने त्याला खाली पाडलं होतं, तरी तो उठला आणि पुढच्याच फेरीत जिंकला. त्याच्या नावावर मैदान भरत नाही, हा त्याचा एकच दोष सांगितला जातो. मैदान भरणं हा गुण असेल, पण तो तिकीट विकणाऱ्याच्या वहीतला आहे, न्यायाच्या नाही.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. पुतण्याने विचारलं तेव्हा आमचं तोंड का मिटलं, ते.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका निवड समितीवर होतो. उमेदवार तीन. एकाचं लेखन चांगलं. एकाने मुलाखत गाजवली. तिसरा अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता, मिळेल त्या वर्गाला, मिळेल त्या वेळी. आम्ही एक, दोन, तीन असा क्रम लावला आणि सह्या केल्या. तिसरा तिसराच राहिला. काही दिवसांनी तो घरी आला, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, 'सर, निकालाबद्दल तक्रार नाही. मी कशात कमी पडलो, तेवढं सांगा.' आम्हाला सांगता आलं नाही. आम्ही भविष्याचा अंदाज केला होता, मागचा हिशेब चाळला होता, पाळी कुणाची हा प्रश्न विचारलाच नव्हता. आणि कोणत्या कसोटीने क्रम लावला ते कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याच्या हातून हे झालं.

कदाचित दुसऱ्या कसोटीनेही तो तिसराच आला असता. पण मग आम्ही त्याला कारण देऊ शकलो असतो. क्रम लावणाऱ्याकडून हरणाऱ्याचं एवढं तरी देणं लागतं.

प्रश्न असतील तर विचारा. उसिक विरुद्ध अली कोण जिंकेल, हे मात्र कृपा करून विचारू नका.